रिकाम्या वाड्याचा भाव कोणाचा?

कसबा पेठेत वाडा विकायला निघाला की भाव दोन असतात. एक 'भाडेकरूंसह', दुसरा 'रिकामा करून'. या दोन भावांतला फरक कोणाचा, हे बोलणीच्या बैठकीत कुणी विचारत नाही. ज्यांचा तो आहे त्यांना बैठकीला बोलावलेलंच नसतं.

समजा, रिकाम्या वाड्याला पाच कोटी येतात आणि भाडेकरूंसह दोन. मधले तीन कोटी मालकाच्या पणजोबांनी भिंतीत पुरून ठेवलेले नाहीत. दहा कुटुंबांनी ताबा सोडला तरच ते तयार होतात. आणि त्या कुटुंबांना काय सांगतात? प्रत्येकी आठ लाख घ्या, सही करा. म्हणजे तीन कोटींतले ऐंशी लाख. बाकीचे दोन कोटी वीस लाख मालक आणि बिल्डर यांच्यात जिरतात, आणि वर भाडेकरूच 'अडवून बसलेत'!

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 चं कलम 56 वाचा. भाडेहक्क सोडण्याचा मोबदला मागणं कायदेशीर आहे. वाडा विकल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, फक्त मालक बदलतो. मालक म्हणतात, जुन्या भाड्यात कौलंसुद्धा बदलता येत नाहीत. खरं आहे. पण त्याची भरपाई भाडेकरूंच्या ताब्याच्या किमतीतून का?

पेठेतली नावं बघा: तांबट आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा. जातीने धंदा ठरवला, धंद्याने आळी. तिथे हात झिजवणाऱ्या किती जणांचं नाव मालमत्ता पत्रकावर चढलं? बाबासाहेबांनी 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, तेव्हा कोकणात कसणारा एक आणि वसूल करणारा दुसरा होता. वाड्याच्या सौद्यात मला तोच हिशेब दिसतो.

बिल्डरची ठरलेली कारणंही तपासून घ्या. शनिवारवाड्याच्या संरक्षित हद्दीपासून 100 मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी आहे, तिथे भाव पडणारच. पण त्यापुढच्या 200 मीटरांत परवानगी घेऊन बांधता येतं. बंदीचं नाव सांगून भाव पाडत असतील तर अंतर मोजून मागा.

पावसाळ्याच्या तोंडावर महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस लागली की सह्यांची घाई सुरू होते. वाडा खरंच पडायला आला असेल तर बाहेर पडा, जीव आधी. मात्र सुरक्षिततेसाठी बाहेर पडणं म्हणजे हक्क सोडणं नव्हे. निघण्याआधी खोलीचं मोजमाप लेखी घ्या.

आणि मुख्य म्हणजे, एकेकट्याने सही करू नका. पहिल्या दोन सह्या स्वस्तात मिळाल्या की उरलेल्या आठ घरांना तोच भाव दाखवला जातो. दोन्ही भाव काढा, फरक मांडा, सगळ्या घरांनी मिळून एकच आकडा सांगा. तीन कोटींवरून बोलणी खाली येऊ देत. आठ लाखांपासून ती सुरूच होऊ देऊ नका. भाडेपावत्या आणि वीजबिलं आजच एका पिशवीत काढून ठेवा, वाडा पडला तर ती ढिगाऱ्यातून शोधावी लागतील.