धूर कोणाचा आणि नाक कोणाचें?

मोटारींच्या धुराविषयीं आम्ही लिहूं लागलों कीं आमचे कांहीं मित्र म्हणतात, ‘हें शहरी लोकांचें दुखणें, शेतकरी-कामकऱ्यांच्या पत्राला त्याचें काय?’ या मित्रांनीं एकदां भर दुपारीं कात्रजच्या चढावर पायीं उभें राहून पाहावें. कांचा लावून थंड मोटारींत बसलेल्यास धूर लागत नाहीं. तो लागतो रस्ता झाडणाऱ्या बाईस, हातगाडीवाल्यास, चौकांत तासन्‌तास उभ्या असलेल्या शिपायास आणि पायीं शाळेस जाणाऱ्या पोरांस. पोराचें नाक तर धुराच्या नळीच्याच उंचीवर येतें! रस्ता सर्वांच्या कराचा, मोटार एकाची आणि खोकला मात्र तिसऱ्याचा, हा हिशेब आम्हांस मान्य नाहीं.

कायदा नाहीं असें कोणी म्हणूं नये. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील ११५ वा नियम धुराची मर्यादा ठरवितो. गाडी एक वर्षाची झाली कीं तपासणीचा दाखला घ्यावा लागतो. २०१९ सालच्या दुरुस्तीनें मर्यादा मोडणारास १०,००० रुपयांपर्यंत दंड व तीन महिन्यांपर्यंत कैदहि सांगितली आहे. उगाच कर्णा वाजविणारासहि पहिल्या खेपेस १,००० रुपये दंड आहे. मग अडलें कुठें?

अडलें दाखल्यापाशीं. डिझेलची गाडी जागेवर उभी करून, पायानें जोर देऊन, धुराचा दाटपणा मोजतात. तीच गाडी मर्यादेबाहेर माल भरून घाट चढते तेव्हां तिच्यापाशीं यंत्र घेऊन कोणी नसतो. छातींत खोल शिरणारे जे बारीक कण, त्यांचें मोजमाप या तपासणींत होतच नाहीं. आणि एका केंद्रावर आमच्या डोळ्यांदेखत असेंहि घडलें कीं, गाडी घरींच होती. मालकानें नुसता फोटो दाखविला, पैसे ठेवले आणि दाखला खिशांत घातला. दक्षिणा ठेवली कीं पाप धुतलें, ही जुनीच युक्ति आतां यंत्राच्या आडून आली म्हणावयाची!

दंड कोणावर बसावा याविषयीं मात्र आम्हांस स्पष्ट बोलावयाचें आहे. रस्त्यावर सांपडतो तो पगारी ड्रायव्हर. गाडी त्याची नाहीं, जादा माल भरण्याचा हुकूम त्याचा नाहीं, नॉझल साफ न करण्याची काटकसरहि त्याची नाहीं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमांत चालविणाऱ्याबरोबर चालवूं देणाराहि गुन्हेगार धरला आहे. पण ते शब्द बहुधा पुस्तकांतच राहतात. ज्याचा एकच टेंपो आहे व त्यावरच ज्याची चूल पेटते, त्यास दुरुस्तीसाठीं प्रथम पंधरा दिवस द्यावे. ज्याच्या पन्नास गाड्या फिरतात त्यास मुदत कशाला?

सरकारास हें साधणार नाहीं असें नाहीं. दिल्लींतील बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें १९९८ सालीं केला. मुदती टळल्या, कुरकूर पुष्कळ झाली, पण २००२ अखेर बसगाड्या बदलल्या. न्यायालयानें कान धरल्यावर जें झालें, तें लोकांनीं मागितल्यावर कां होऊं नये? तपासणीचें यंत्र घाटाच्या माथ्यावर आणावें आणि भरली गाडी तपासावी. पहिला दिवस मात्र सरकारी आवारांत उभ्या असलेल्या सरकारच्याच गाड्यांचा असावा. त्यांचे आंकडे बाहेर फळ्यावर लिहावे. मग आमच्या वाचकांसहि आपल्या गाड्या घेऊन त्या रांगेंत उभें राहावयास आम्ही सांगूं.