घरची दुरुस्ती : चुलीचा पंखा रुसला तर

चुलीपुढे बसणाऱ्या बाईला फुंकणीचे मोल सांगावे लागत नाही. दमट पऱ्हाटीचा धूर डोळ्यांत जाऊ लागला की चार फुंका मारायच्या. जाळ धरला की धूर निवळतो. पेलेटवर चालणाऱ्या पंख्याच्या चुलीत हीच फुंकणी बुडाशी किंवा बाजूला बसवलेली असते. फरक इतकाच, की ती दमत नाही. पण ती बंद पडली की सारे घर धुराने भरते आणि मुठीएवढ्या पंख्यापायी धडधाकट चूल माळ्यावर जाते. माळ्यावर गेलेली चूल सहसा खाली येत नाही. घरची बाई पुन्हा धुरात बसते. म्हणून हा पंखा घरच्या घरी कसा तपासावा ते आज पाहू.

पेलेट म्हणजे भुसा, कुटार किंवा काडीकचरा दळून, दाबून केलेल्या बारीक कांड्या. आपल्याकडे उलंगवाडी झाली की पऱ्हाट्या धुऱ्यावर पेटवून देतात. त्यांच्याही अशा कांड्या होतात. कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या नागपूर केंद्रात हे काम झालेले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या तंत्रावर बनलेली ‘ऊर्जा’ नावाची चूल २००६ पासून महाराष्ट्रात व इतर काही राज्यांत विकली गेली आणि लाखो घरी पोचली. पुढे पेलेट महागले व बऱ्याच घरी ती मागे पडली. तरी पंख्याच्या चुली आजही मिळतात, वापरल्या जातात.

बिनधुराची चूल वर्धेला नवी नाही. गांधीजींनी १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला. त्याचे काम येथल्या मगनवाडीतून चाले, आणि ‘मगन चूल’ हे नावही तिथलेच. त्या चुलीत धुराड्याच्या ओढीने हवा खेळते. पंख्याच्या चुलीला धुराडे नाही. तिची सारी भिस्त पंख्यावर.

हवा कुठे जाते?

पंख्याची हवा दोन वाटांनी जाते. थोडी खालच्या भोकांतून कांड्यांना लागते; त्या तापून त्यांतून जळाऊ वायू निघतो. उरलेली वरच्या कडेच्या भोकांतून येते आणि तो वायू पेटवते. वरची हवा तुटली की वायू न जळता वर येतो, तोच धूर. पेटवताना पहिली काही मिनिटे थोडा धूर येणारच. पण जाळ धरल्यावरही तो येत राहिला, ज्योत पिवळी व आळशी झाली, भांड्याचे बूड काळे होऊ लागले, तर हवा कुठेतरी अडली आहे असे समजावे.

आधी हे करा

चूल पूर्ण विझून थंड होऊ द्यावी. राख काढावी, चार्जरची वायर भिंतीतून काढावी. निखारे असताना चूल उलटी करू नये. मग पंखा चालू करून कान द्यावा.

आवाजच नसेल तर पहिला संशय बॅटरीवर घ्यावा. भारनियमनात चार्जिंग अर्धवट राहते हे आपल्याला नवे नाही. सुरुवातीला जाळ चांगला आणि थोड्या वेळाने मंद, ही उतरलेल्या बॅटरीची खूण. रात्रभर चार्ज करून पाहावे. तरीही तेच झाले तर बॅटरीची टोके पाहावीत. त्यांवर हिरवट-पांढरी बुरशी आली असल्यास कोरड्या फडक्याने किंवा बारीक पॉलिश कागदाने घासावी. पंख्याला जाणाऱ्या दोन वायरी जोडापाशी हलक्या हाताने हलवून पाहाव्यात. डाग सुटलेला असला तर पंखा क्षणभर फिरतो आणि थांबतो.

वीज पोचते पण पंखा फिरत नाही, असे असेल तर पेच काढून पाते बोटाने फिरवून पाहावे. अडखळले तर आत राख, कापसाचे तंतू, झुरळ किंवा उतू गेलेल्या दुधाची खपली सापडेल. जुन्या दातांच्या ब्रशने साफ करावे. पाणी लावू नये. कुरकुर करीत असेल तर मधल्या आसाला शिलाई मशिनच्या तेलाचा एकच थेंब द्यावा. खाण्याचे तेल घालू नये. ते चिकटून घट्ट होते आणि पंखा कायमचा धरतो.

पाते मोकळे आहे तरी फिरत नाही, तर पंखा वेगळा काढून तपासावा. त्यावरच्या चिठ्ठीत व्होल्ट लिहिलेले असतात. १२ व्होल्टचा असेल तर मोटारसायकलच्या बॅटरीवर क्षणभर लावून पाहता येतो : लाल वायर अधिक टोकाला, काळी उणे टोकाला. दोन टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत, वायरींची उलटापालट करू नये. पंखा ५ किंवा ६ व्होल्टचा असेल तर ही बॅटरी लावू नये. आणि घरातल्या विजेच्या बटणाला तो थेट कधीही जोडू नये. बॅटरीवर फिरला तर पंखा चांगला आहे. दोष चुलीच्या वायरीत, बटणात किंवा बॅटरीत शोधावा. नाहीच फिरला तर तो बदलावा.

पंखा फिरतो, तरी धूर

अशा वेळी पंख्याला दोष देऊ नये. थंड, रिकाम्या चुलीत पंखा चालू करून कापसाचा पुंजका वरच्या भोकांपाशी फिरवावा. जिथे तो हलत नाही ते भोक बुजलेले. सुईने किंवा बारीक तारेने मोकळे करावे. खालच्या जाळीवर राखेचे कडक खडे बसतात, तेही खरवडावेत. पंखा नुकताच काढून बसवला असेल तर तो उलटा तर बसला नाही ना, हे याच पुंजक्याने कळते.

हवाही ठीक असेल तर कांड्या पाहाव्यात. कोरडी कांडी टचकन मोडते. दमट कांडी फुगते आणि हातात भुगा होते. पावसाळ्यात त्या जमिनीवर न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. चुरा चाळून टाकावा. तो हवेची वाट अडवतो. चूल काठोकाठही भरू नये.

नवा पंखा घेताना

जुना पंखा सोबत न्यावा. व्होल्ट, अँपिअर आणि लांबी-रुंदी-जाडी तीच हवी. बहुतेक पंख्यांच्या कडेवर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो. तो चुलीच्या आतल्या बाजूला यावा.

पंखा टिकावा म्हणून

स्वयंपाक झाल्याबरोबर पंखा बंद करू नये. निखारे असेपर्यंत तो मंद चालू द्यावा, नाहीतर उष्णता खाली उतरून प्लास्टिक वितळते. चूल पाण्याने विझवू नये. पाणी थेट पंख्यात जाते. पेटत्या चुलीत रॉकेल ओतण्याचे धाडस तर करूच नये.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. पंखा बंद पडलेली चूल “आजच्यापुरती” म्हणून बंद खोलीत जाळू नका. अर्धवट जळणातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आणि धूर दिसेनासा झाला, नुसते निखारे उरले, तरी तो निघतच राहतो. डोके जड झाले, मळमळले, तर आधी सगळ्यांना उघड्यावर न्या आणि डॉक्टरला दाखवा. थंडीत ऊब म्हणून ही चूल उशाशी ठेवून झोपणे म्हणजे जिवाशी खेळ.

या तपासणीला एक पेचकस, एक ब्रश, सुई आणि चिमूटभर कापूस पुरतो. यांतले काहीच वर्धा जिल्ह्यातल्या घरात दुर्मिळ नाही, कापूस तर नाहीच. मात्र हा पेचकस घरधन्याच्या खोक्यात ठेवू नका. चुलीपुढे जी बसते तिच्या हाताशी असू द्या, आणि पंखा एकदा तिच्यासमोर उघडून दाखवा. धूर पहिल्यांदा तिलाच कळतो. इलाजही तिलाच पहिल्यांदा करता आला पाहिजे.