दोन सिलिंडरांची मीझान

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि इकडे घाटकोपर-मुलुंडच्या सोसायट्यांतही गेल्या काही वर्षांत दोन सिलिंडरच्या मोटारसायकली दिसू लागल्या आहेत. रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर २०१८ मध्ये इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेन्टल जीटी या ६४८ सीसीच्या गाड्या भारतात आणल्या आणि ही हौस पगारदार घरांच्या आवाक्यात आली. त्यामुळे एखाद्या रविवारी चिरंजीव आवारात लाकडी फळीवर पारदर्शक नळी ठोकत बसलेले दिसले, तर अम्मींनी घाबरून जाऊ नये. ते दोन थ्रॉटल बॉडी एकमेकींशी जुळवत असावेत. हे काम घरी होण्यासारखे आहे, असे आमचे मत आहे. ज्या घाईने ते केले जाते, ती मात्र आम्हाला पसंत नाही.

स्प्लेंडर, ॲक्टिव्हा, पल्सर, साडेतीनशेची बुलेट या गाड्यांना सिलिंडर एकच. तिथे जुळवायला दुसरे कोणी नाहीच, तेव्हा त्यांच्या मालकांनी पुढचे केवळ माहितीसाठी वाचावे.

दोन सिलिंडरच्या या गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला हवा देणारी वेगळी थ्रॉटल बॉडी असते आणि तिच्यात एक गोल झडप असते. मूठ पिळली की दोन्ही झडपा एकदम उघडायला हव्यात. एक केसभर आधी उघडली की एक सिलिंडर जास्त ओढतो आणि दुसरा मागे राहतो. वेगात हे कळत नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकताना मात्र गाडी हिसके देते, सिग्नलला उभी असताना हँडल थरथरते.

ही कटकट नवी नाही. १९८३ साली एस्कॉर्ट्सने यामाहाच्या धर्तीवर राजदूत ३५० काढली, तिला दोन कार्ब्युरेटर होते आणि एका केबलचे पुढे फाटे फुटत. ज्या उस्तादांनी त्या गाड्या हाताळल्या, ते दोन्ही स्लाइड एकदम उचलतात का हे बोटाने चाचपत आणि दोन सायलेन्सरांच्या आवाजावरून बाकीचे ओळखत. तो कान आपल्याकडे नाही. म्हणून नळी.

मत्स्यपेटीच्या दुकानात मिळते तशी पारदर्शक, जरा जाड भिंतीची नळी पाच-सहा मीटर घ्यावी. माणसाएवढ्या उंच फळीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी बसवावी आणि खालच्या भागात दोनेक फूट टू-स्ट्रोक तेल भरावे. दोन्ही टोके दोन थ्रॉटल बॉडींच्या व्हॅक्यूमच्या तोंडांना जोडावीत. इंजिन गरम करून आयडलवर ठेवले की तेल एका बाजूला चढते. ज्या बाजूला चढले तिथली ओढ जास्त, म्हणजे तिथली झडप जास्त मिटलेली. दोन झडपांना जोडणारा जो जुळवणीचा स्क्रू असतो तो अगदी थोडा, पाव फेऱ्याहूनही कमी, फिरवावा. मग मूठ जराशी पिळून सोडावी, तेल स्थिरावू द्यावे आणि पुन्हा पाहावे. पारा तेलाच्या साधारण पंधरापट जड असतो. त्यामुळे पाऱ्याच्या मापकात जो फरक एक मिलिमीटर दिसेल, तो या नळीत पंधरा मिलिमीटर दिसतो. दीडदोनशे रुपयांच्या सामानाकडून आणखी काय हवे! पारा विषारी आहे, तो मुलाबाळांच्या घरात आणूच नये. अल-खाझिनी यांनी ११२१ साली तराजूवर ‘मीझानुल हिकमा’ हा ग्रंथ लिहिला, त्यात द्रवात बुडवून वजन करण्याचा तराजूही आहे. द्रवाकडून अचूक माप घेण्याची ही परंपरा आपल्या मुलांना परकी वाटू नये.

नळीचे एक टोक जोडून इंजिन कधीही सुरू करू नये, आणि चालू इंजिनवर टोक निसटू देऊ नये. तसे झाले तर सगळे तेल सिलिंडरमध्ये ओढले जाते. थोडे तेल जळून धूर होईल एवढेच, पण द्रव दाबला जात नसल्याने जास्त गेले तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. एकाने बंद करण्याच्या बटणावर अंगठा ठेवून उभे राहावे. भाऊ असतात कशाला?

आता घाईविषयी. झडप जुळवण्याचे काम सर्वांत शेवटी करायचे असते. आधी एअर फिल्टर, प्लग, व्हॉल्व्हचे अंतर आणि इंजिनला जोडणारे रबर तपासावे. रबराला चीर असेल तर तिथून हवा शिरते, आणि स्क्रू फिरवून आपण तो दोष फक्त झाकतो. झडप कुठवर मिटावी हे ठरवणारा, बऱ्याचदा रंगाचा ठिपका लावून आलेला स्क्रू वेगळा असतो, त्याला हात लावू नये. कोणता कुठला, हे त्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहावे. वॉरंटी शिल्लक असेल तर हत्यार उचलण्यापूर्वी तिचा कागदही वाचावा. आणि गल्लीतल्या उस्तादांनी हे काम करताना एकदा मजुरी देऊन, शेजारी उभे राहून पाहिले, तर त्यात शिकलेल्या मुलाचा काही कमीपणा नाही.

आम्हाला खरी काळजी धुराची आहे. इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो. बंद गॅरेज, जिन्याखालची जागा, बेसमेंटचे पार्किंग इथे हे काम अजिबात करू नये. चाळीच्या बोळात तळमजल्याच्या खिडकीतून तो थेट घरात जातो, आणि त्या घरात तान्हे मूल किंवा दम्याचे आजोबा असू शकतात. शेजाऱ्याचा हक्क आपल्याकडे किती मोठा मानला आहे, हे वाचकांना आम्ही सांगायला नको. मोकळ्या मैदानात, सायलेन्सरची तोंडे वस्तीकडे न ठेवता, असर आणि मगरिबच्या मधली वेळ बरी. उभ्या गाडीला वारा लागत नाही, म्हणून समोर टेबलफॅन ठेवावा आणि पाच-सात मिनिटांनी इंजिन बंद करून निवू द्यावे.

दोन्ही बाजूंचे तेल एका रेषेत आले की नळी काढून व्हॅक्यूमच्या तोंडांवरच्या रबरी टोप्या किंवा जी काही नळी आधी होती ती घट्ट बसवावी. एक टोपी राहिली तर गाडी पूर्वीपेक्षा वाईट चालेल. तेल बाटलीत परत ओतावे. नळी मात्र धुऊनही पुन्हा माशांच्या पेटीला लावू नये.