पन्हाळा सपाट मुलूख कधी झाला?



खेड्याबद्दल सरकार दोनच गोष्टी विचारतं. माणसं किती, आणि रस्ता-गाडी किती. पहिल्या आकड्यावरून दुसरा ठरतो. आमचं म्हणणं, हा हिशेबच उलटा आहे, आणि त्याचा मार बसतो तो आम्हा गिरणीवाल्यांच्या गावांना.

पन्हाळ्याचंच बघा. गडावर नगरपालिका आहे. २००१ च्या जनगणनेत तिथं ३,४५० माणसं होती, २०११ ला ३,१२१ भरली. देशात माणसं वाढली, जिल्ह्यात वाढली, गडावर घटली. पटकी आली होती काय? नाय. काम जिथं, तिथं माणूस जाणार.

गडाची ही तऱ्हा, तर पश्चिमेच्या डोंगरातल्या वाड्यांची, धनगरवाड्यांची काय सांगावी! तिथला जवान आधी मुंबईच्या गिरणीत गेला, मग इचलकरंजीच्या मागावर, सूतगिरणीत. जनगणनेत माणूस जिथं राहतो तिथं मोजतात. आम्ही चाळीत मोजले गेलो. शेत गावात, म्हातारी गावात, देव गावात, भाऊबंदकी गावात. डोकं तेवढं शहराच्या खात्यावर. घाटाखाली रत्नागिरी जिल्ह्यात २०११ ला हजार पुरुषांमागं १,१२२ बाया होत्या, आणि मुंबई शहरात ८३२. एकाच घराचे हे दोन तुकडे आहेत.

आता रस्त्याचं ऐका. ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला. सपाट मुलखात २०११ च्या मोजणीप्रमाणं वस्तीत ५०० माणसं पाहिजेत; डोंगरी राज्यांत नि आदिवासी भागांत २५० चालतात. महाराष्ट्र डोंगरी राज्यांत बसत नाही. म्हणजे पन्हाळा सपाट! सिद्दी जौहरला हे १६६० साली कळतं, तर बिचारा चार महिने वेढा घालून बसला नसता.

समजा, एका वाडीत ५२० माणसं. रस्ता नाही म्हणून ४० पोरं गिरणीत गेली. राहिली ४८०. आता माणसं कमी म्हणून रस्ता नाही. पोरं गेली कशापायी, हे कुणी विचारायचं?

रेल्वे १८९१ साली कोल्हापुरास आली आणि तिथंच थांबली. वैभववाडीचा मार्ग २०१६ च्या अर्थसंकल्पात आला, पण गाडी अजून कागदावरच पळते. राहिली एस.टी. जनगणनेच्या गाव-तक्त्यात बस 'आहे' किंवा 'नाही' एवढंच लिहितात. दिवसातून एकदा येऊन गेली तरी 'आहे'. दुसऱ्या पाळीचा माणूस रात्री फाट्यावर उतरून घरी कसा जातो, बाळंतीण दवाखान्यात कशी पोचते, त्याला रकाना नाही. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट झालं, फार चांगलं झालं. पण जिथं गाडीच येत नाही तिथं अर्धं काय नि पुरं काय?

जुलै २०२५ मध्ये गड युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेला. आम्हालाही अभिमान आहे. पाहुणे येतील, त्यांच्यासाठी रस्ते होतील, होऊ देत. जुलै २०२१ च्या पावसात गडाचा मुख्य रस्ता खचला तेव्हा सगळे धावले. वाडीची पायवाट दर पावसाळ्यात खचते, तिकडं कोण धावतो?

२०२१ ची जनगणना झालीच नाही. आता १ मार्च २०२७ ची तारीख धरून मोजणी ठरली आहे. आमची मागणी: सह्याद्रीच्या वाड्यांना २५० चाच नियम लावा. बाहेर कामाला गेलेल्यांचा आकडा रस्ता ठरवताना धरा. बसच्या रकान्यात रोजच्या फेऱ्या लिहा.

नुसतं मागून भागायचं नाही. गिरणीच्या फाटकावर वही ठेवा. पन्हाळ्याकडचा गडी दिसला की त्याचं नाव, वाडी, घरची माणसं लिहून घ्या. ती यादी ग्रामसभेत ठेवा, ठराव करा, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय तहसील कचेरीतून उठू नका.