आधी गिरवा, मग लिहा



आमच्या शेजारच्या बारावीतल्या एका मुलाने उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या आजीला दारात बसवून मोबाइलवर बोलते केले. १९७२ च्या दुष्काळात आजी पंधरा वर्षांची होती. खडी फोडण्याच्या कामावर काढलेले दिवस, हाताला आलेले फोड, तिथे मिळणारी सुकडी, असे सगळे ती बावीस मिनिटे सांगत होती. मुलाने ते हौसेने एका तयार टेम्प्लेटमध्ये घातले. टेम्प्लेट तीस सेकंदांचे. त्यात दहा रिकाम्या जागा, प्रत्येक जागा तीन सेकंदांची, वर झगमगाट आणि मागे गाणे. घरातल्यांनी कौतुकाने पाहिले. आजी एवढेच म्हणाली, "चांगलं केलंस रं बाळा. पण माझं बोलणं कुठं गेलं?"

व्हिडिओ एडिटिंग शिकू पाहणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने हा प्रश्न लक्षात ठेवावा. टेम्प्लेट वापरूच नये, असे मात्र आमचे म्हणणे नाही. लहानपणी पाटीवर बाई अक्षर काढून देत आणि आपण ते गिरवत असू. गिरवल्याने हाताला वळण लागले. पण जन्मभर कोणी गिरवत बसत नाही. टेम्प्लेटचेही तसेच आहे.

म्हणून नवशिक्याने पहिले काम करावे ते टेम्प्लेट उलगडून पाहण्याचे. संगणकावरच्या सॉफ्टवेअरमध्ये ते उघडले की टाइमलाइनवर एकाखाली एक पट्ट्या दिसतात. त्यांनाच ट्रॅक म्हणतात. एकेक ट्रॅक बंद करून पाहा. शीर्षक कोणत्या ट्रॅकवर आहे, चित्र किती सेकंद टिकते, एका दृश्यातून दुसऱ्यात कसे जातात, संगीत कुठे खाली येते, हे वहीत लिहून काढा. मग एक गोष्ट बदला आणि काय बिघडते ते बघा. बिघडवल्याशिवाय हे काम समजत नाही. मूळ फाइलची प्रत काढूनच हा प्रयोग करावा, म्हणजे भीती राहत नाही.

तयार टेम्प्लेटमध्ये चार ठिकाणी ठेच लागते. पहिले, आकार. आडव्या चित्राचा आकार १९२० बाय १०८० असतो, उभ्याचा १०८० बाय १९२०. आडवे चित्रण उभ्या टेम्प्लेटमध्ये पूर्ण उंचीने बसवले, तर रुंदीचा सुमारे दोन-तृतीयांश भाग कापला जातो. शेजारी बसलेला माणूस गायबच होतो! दुसरे, फ्रेमचा वेग. मोबाइल बहुधा सेकंदाला ३० फ्रेम घेतो. टेम्प्लेट २४ किंवा २५ चे असले, तर हालचाल अडखळल्यासारखी दिसू शकते. तिसरे, अक्षर. इंग्रजीसाठी केलेल्या टेम्प्लेटमध्ये मराठी शब्द टाकले की चौकोन उमटतात, नाहीतर वेलांट्या आणि उकार कापले जातात. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी असा युनिकोड फॉन्ट निवडावा आणि ओळीला वर-खाली जागा सोडावी. चौथे, आवाज. बोलण्याचे चढ उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवावेत. शून्याला टेकले की आवाज फाटतो. संगीत त्याच्या बरेच खाली असावे. बोलणे ऐकू येत नसेल, तर संगीत काढून टाकायला कचरू नये.

गिरवून झाले की स्वतःचा साचा तयार करावा. त्यासाठी खर्च नाही. २००२ मध्ये सुरू झालेले केडेनलाइव्ह हे मोफत सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते. त्यात एक रिकामे प्रोजेक्ट उघडा. आकार आणि फ्रेमचा वेग ठरवा. एक ट्रॅक चित्रणाला, एक जुन्या फोटोंना, एक शीर्षकांना, एक बोलण्याला, एक संगीताला द्या. चित्रण, फोटो आणि आवाज यांचे वेगवेगळे फोल्डर करा. हे प्रोजेक्ट जपून ठेवा आणि दरवेळी त्याची प्रत काढून काम सुरू करा. या साच्यात किती सेकंद बोलायचे, हे कोणी ठरवून दिलेले नसते. दिखाऊ साचा आणि कामाचा साचा यांत हाच फरक आहे.

आणखी एक विनंती. व्हिडिओ तयार झाला म्हणून मूळ चित्रण पुसू नका. मोबाइलमध्ये जागा नसेल, तर ते पेनड्राइव्हवर घ्या आणि दुसरी प्रत घरात निराळ्या ठिकाणी ठेवा. शीर्षक पुन्हा करता येते, संगीत पुन्हा लावता येते. आजीचे बोलणे पुन्हा मिळेलच असे नाही.

आमच्या शेजारच्या मुलाने सुदैवाने मूळ चित्रण पुसले नव्हते. त्याने पुन्हा बसून काम केले. झगमगाट नाही, गाणे नाही. सुरुवातीला आजीचे नाव आणि गाव, मग नऊ मिनिटे फक्त तिचे बोलणे. मधे ती गप्प होते, तो क्षणही त्याने कापला नाही. या वेळी आजीने शेवटपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "सुकडीचं सांगितलेलं राहिलं की!"

ते आता तो जोडतो आहे.