तास रंजक करायचा की जागता?

शिक्षक मित्रांनो आणि पालकांनो, कॉलेजातली मुलं तासाला कंटाळतात, मग आपण काय करतो? स्लाइड्स वाढवतो, व्हिडिओ लावतो. फळ्याच्या जागी पडदा आला, पण मुलं नुसती ऐकतच बसली ना?

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांचं उदाहरण घ्या. त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सोडवायचे. पण जड ट्रक आणि हलकी मोटार यांची टक्कर झाली तर जास्त बल कोणावर, अशा साध्या प्रश्नाला अडखळायचे. (बल दोघांवर सारखंच!) सूत्र पाठ होतं, अर्थ कळला नव्हता. म्हणून १९९१ पासून त्यांनी तासाची मांडणीच बदलली. वाचन घरी. वर्गात थोडं विवेचन, मग एक प्रश्न. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, पुन्हा उत्तर द्यायचं. शेवटी सरांचं स्पष्टीकरण.

"मग पोर्शन कधी संपणार?" असं तुम्ही विचाराल. प्रश्न रास्त आहे. अशा तासात सरांचं बोलणं कमीच होतं. पण आपला पोर्शन संपला म्हणजे मुलांना तो कळला, असं थोडंच आहे? आठवड्यातून एक तास तरी असा घेऊन पाहा. यंत्र नको, ॲप नको. उत्तरासाठी बोटं वर केली तरी पुरे. मात्र अंतर्गत परीक्षेतही असा एक प्रश्न हवाच, नाहीतर मुलं पुन्हा पाठांतराकडे वळतील.

आणि पालकांनो, "आज काय शिकवलं?" ऐवजी "आज कोणाला काय पटवून दिलंस?" असं विचारून बघा.