रिकाम्या जागेचे भाडे कोण भरतो?

ऑनलाइन खरेदीत लिपस्टिकएवढी वस्तू बुटांच्या खोक्यातून घरी येते, याचे खापर सहसा कामगाराच्या निष्काळजीपणावर फोडले जाते. परंतु हे खोके हिशेबाने निवडलेले असते, आणि त्या हिशेबातून वगळलेला खर्च भिवंडी तालुक्यातील अंजूरसारख्या गावांच्या वाट्याला येतो.

मुंबईच्या जकातहद्दीबाहेरची जमीन आणि मुंबई-नाशिक महामार्गाचे सान्निध्य यांमुळे भिवंडी तालुक्यातील माणकोली, दापोडे, अंजूर या पट्ट्यात गोदामे उभी राहिली, आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात संपल्यावरही ती वाढतच गेली. अशा गोदामातील पॅकिंगच्या टेबलावर मोजक्याच मापांची खोकी असतात, कारण थोडी मापे घाऊक घेतली की स्वस्त पडतात. कोणते माप वापरावे हे संगणक सुचवतो. वस्तूची लांबी-रुंदी चुकीची नोंदलेली असेल किंवा सुचवलेले माप संपलेले असेल, तर तासाला किती पार्सले बांधली यावर ज्याचे काम जोखले जाते तो कामगार हाताशी असलेले मोठे खोके उचलतो. शिवाय पत्ता व बारकोड यांचे लेबल सपाट बसावे, सरकत्या पट्ट्यावर पार्सल अडकू नये आणि माल फुटून परत येऊ नये, या गरजाही मोठ्या खोक्याच्याच बाजूने जातात.

याची किंमत आकारमानी वजनावरून कळते. सेंटीमीटरमधील लांबी, रुंदी व उंची यांच्या गुणाकाराला ५००० ने भागून येणाऱ्या किलोंना कुरिअर व्यवसायात आकारमानी वजन म्हणतात. त्यानुसार ३० × २० × १५ सेंटीमीटरचे खोके, आत शंभर ग्रॅमचीच वस्तू असली तरी, १.८ किलोचे ठरते. परिणामी ट्रक वजनाने भरण्याआधी आकाराने भरतो, फेऱ्या वाढतात, आणि त्यांची धूळ, धूर व कोंडी अंजूरफाट्याच्या रस्त्यावरील प्रत्येकाला सोसावी लागते, मग त्याने काही मागवलेले असो वा नसो.

पुठ्ठा भंगारात जातो व त्याचा पुन्हा कागद होतो, हा युक्तिवाद खरा असला तरी अपुरा आहे. चिकटपट्टी, बबल रॅप आणि हवेच्या पिशव्या भंगारवाला सहसा घेत नाही, आणि वाया गेलेले डिझेल तर कोणीच परत देत नाही. २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्लास्टिक वेष्टनाबाबत उत्पादकांच्या जबाबदारीचे सविस्तर नियम केले. खोक्यातील रिकामी जागा मात्र त्या नियमांच्या कक्षेबाहेरच राहिली. युरोपीय संघाने २०२५ च्या नियमनाद्वारे २०३० पासून अशा पार्सलांतील रिकामी जागा जास्तीत जास्त ५० टक्के ठरवली असून, बबल रॅप किंवा कागदाचे कपटे भरलेली जागाही रिकामीच धरली आहे.

भारतातही अशी मर्यादा कायद्याने घातली गेली पाहिजे. अंजूर व परिसरातील ग्रामस्थांनी ग्रामसभेत तसा ठराव करून तो शासनाकडे पाठवावा, आणि ग्राहकांनी अवाजवी खोक्याचे छायाचित्र विक्रेत्याकडे तक्रारीसह नोंदवावे.